ते भात, तो भात

पहाटेचे साडेचार वाजले असतील. न्हाणीतून बाहेर येते तर सासूबाई वाटी घेऊन दारातच उभ्या. दिवाळीची पहिली आंघोळ, अंगाला उटण्याचा वास, आता हातावर काहीतरी गोड पडणार या समजुतीत मी वाटी तोंडाला लावली आणि पायाच्या नखापर्यंत शहारले. सातविणीच्या सालीचा रस. त्याच्यापुढे कारलं म्हणजे आमचा साताऱ्याचा कंदी पेढा.

"पी गो. वायच कडू लागतला, पन वरीसभर काय बाधूचा नाय."

प्यायले. न पिऊन सांगते कुणाला? सासरची माझी पहिलीच दिवाळी. 1998 साली लग्न झालं, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याच वर्षी. पहिला दिवाळसण रीतीप्रमाणे माहेरी, साताऱ्याला झाला. त्यामुळे कोकणातली दिवाळी मी पाहिली ती 1999 ची. कुडाळहून मालवणकडे जाताना नेरूरपारचा पूल ओलांडला, की कर्ली नदीच्या अंगाने एक रस्ता आत वळतो. तो जिथे संपल्यासारखा वाटतो तिथून पुढे अजून दहा मिनिटं चाललं, की आमचं घर.

सालीच्या रसाला दोष देते खरी, पण त्याच सातविणीच्या फुलांनी आदल्या रात्री मला वेड लावलं होतं. ऐन दिवाळीच्या दिवसांत हे झाड फुलतं. दिवसा लक्षही जात नाही, रात्री मात्र आख्खा वाडा त्या उग्र गोड वासात बुडालेला. फूल असं आणि साल तशी.

माझ्या डोक्यात दिवाळी म्हणजे साताऱ्याची दिवाळी. आठ दिवस आधीपासून घरात तळणीचा वास, चिवड्याचे, चकल्यांचे, शेवेचे डबे कॉटखाली रांगेत, शेजारपाजारी ताटांची देवाणघेवाण, आणि अंगणात भावाने केलेला मातीचा किल्ला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणारी पोरं आम्ही, किल्ला केल्याशिवाय दिवाळी कसली? सासरी पोचल्यावर मी दबकत स्वयंपाकघरात नजर फिरवली. एका डब्यात रव्याचे लाडू, दुसऱ्यात थोड्या करंज्या. संपलं. मनात म्हटलं, माणसं गरीब नाहीत, चिक्कूही दिसत नाहीत, मग ही काय तऱ्हा?

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आमची दिवाळी गणपतीत होते." ते खरंच आहे. चाकरमानी येतो तो गणपतीला. नोकरी सुटली तरी चालेल, तिकीट मिळो न मिळो, तो चतुर्थीला घरात हजर. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटवी बांधायची, भजनं, फुगड्या, घर फुटेल इतकी माणसं. दिवाळीला मात्र घरात असतात ती घरातलीच. आणि त्यांनाही सवड नसते, कारण भात कापायला आलेलं असतं.

इथे थोडं थांबते, कारण या शब्दाने मला पहिल्याच संध्याकाळी आपटवलं होतं. सासरे बाहेरून आले आणि म्हणाले, "भात खळ्यात हाडलां." मी चटकन आत जाऊन ताट घेऊन आले. अख्ख्या घराने हसून घेतलं. साताऱ्याकडे आमचं शेत होतं, पण उसाचं आणि ज्वारीचं. आम्हाला भात एकच, ताटातला, वरण घालून खायचा. इथे तो भात ताटात असतो आणि ते भात शेतात. 'भात शिजला' आणि 'भात पिकलं'. एका लिंगाच्या फरकात चार महिन्यांचं चिखलातलं उभं राहणं आहे, हे मला पुढे कळत गेलं. पंचवीस वर्षांत बोलीतल्या बऱ्याच गोष्टी मी सोडून दिल्या, पण हा फरक माझ्या जिभेवर पक्का बसला.

खळ्याचंही तसंच. आमच्याकडे खळं म्हणजे शेतातली मळणीची जागा. सिंधुदुर्गात घरापुढच्या अंगणालाच खळं म्हणतात. पावसाने ते चार महिने धुऊन निघालेलं, शेवाळलेलं असतं. दिवाळीच्या आधी ते 'करायचं' असतं. नवी माती ओढायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून चोपून सपाट करायचं आणि मग शेणाने सारवायचं. मला वाटे, सणासाठी अंगण सजवतायत. सण हे अर्धंच कारण. कापलेलं भात येऊन पडायचं कुठे? म्हणजे ज्या जमिनीवर मी पहाटे ठिपक्यांची रांगोळी काढली, तिच्यावर दुपारी भाऱ्यांचा ढीग आला. रांगोळी गेली म्हणून मी हिरमुसले होते. त्यात हिरमुसण्यासारखं काही आहे हे घरात कुणाला सुचलंसुद्धा नाही.

तर त्या पहाटे रस पिऊन झाल्यावर सगळे तुळशीपाशी जमलो. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कारीट. अंड्याहून लहान, हिरवं, गुळगुळीत, वेलीवर रानातच येणारं कडू फळ. ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ठेवायचं आणि "गोविंदाऽऽ" म्हणून दाबायचं. फट्ट आवाज होतो, बिया उडतात. त्यातला रस जिभेला लावायचा. पुन्हा कडू! धाकट्या दिरांचं पहिल्या फटक्यात फुटलं. माझं निसटलं आणि थेट सासऱ्यांच्या पायाशी गेलं. मी अर्धमेली झाले. त्यांनी ते उचलून परत माझ्या पायाशी आणून ठेवलं, काही न बोलता.

कारीट म्हणजे नरकासुर. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, सोळा हजारांवर स्त्रिया कोंडून ठेवणारा, कृष्ण आणि सत्यभामेने मिळून मारलेला. साताऱ्यालाही आम्ही कारीट फोडत होतो, पण बाजारातून दोन आणायची आणि उरकायचं. इथे वाडीतल्या पोरांनी आदल्या रात्री गवताचा, पोत्यांचा, कागदाच्या तोंडाचा पुरुषभर नरकासुर केला होता. ही मूळ गोव्याची रीत. सावंतवाडी, कुडाळकडे ती चांगलीच रुजली आहे, शहरांत तर स्पर्धा लागतात. आमच्या वाडीतला नरकासुर एकच आणि त्याची एक मिशी वाटेत गळून पडलेली. पहाटेआधी त्याला नाचवत नेऊन जाळला. सोबत डबे बडवणारी आठदहा पोरं. आजचे डीजेवाले नरकासुर पाहिले, की मला त्या एकमिशी राक्षसाची कणव येते.

आणि मग पोहे.

इथली दिवाळी खरी सुरू होते ती या क्षणी. नरक चतुर्दशीला आमच्याकडे म्हणतात चावदिस. चावायचा दिवस. त्या शब्दाची व्युत्पत्ती हीच का, ते भाषेच्या जाणकारांवर सोपवते, पण घरात अर्थ तोच लावतात आणि मला तो पटलेला आहे. केळीच्या पानावर एकामागून एक पोहे यायला लागले. दूधपोहे. ताकातले, वर हिंग-मिरचीची फोडणी. नारळाच्या रसात गूळ आणि वेलची घालून भिजवलेले. गूळ-खोबऱ्यात कालवलेले. कांद्याचे तिखट. बाजूला काळ्या वाटाण्यांची उसळ, दाट वाटपाची. मी पोहे म्हणजे कांदेपोहे ओळखणारी. बघायला आलेल्यांपुढे ठेवायचा पदार्थ! इथे ते पाच वेगवेगळी सोंगं घेऊन माझ्यापुढे बसले होते. लालसर, जाडे, एकसारखे नसलेले. चावताना दाताला जाणवणारे. पुडीतल्या पोह्यांची सवय असलेल्या माणसाला आधी ते ओबडधोबड लागतात. नंतर पुडीतले पोहे कागदासारखे लागायला लागतात आणि तो माणूस कायमचा कामातून जातो. माझं तेच झालं.

एवढ्यावर सुटका नाही. वाडीभर "पोहे खावक येवा" अशी हाकाटी असते. आपण त्यांच्याकडे जायचं, ते आपल्याकडे. सहाव्या घरी मी पानावर नुसता हात धरून बसले, तर त्या घरच्या काकी म्हणाल्या, "साताऱ्याची ना गो तू? तकडे खानत नाय काय माणसां?" साताऱ्याच्या इभ्रतीसाठी मी तिथेही खाल्ले.

हे पोहे कसे होतात ते मात्र पुढच्या वर्षी पाहिलं, कारण त्या वेळी आठवडाभर आधी आले. कोकणात भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या. हळवं भात लवकर तयार होतं, दसरा-दिवाळीच्या मध्ये ते कापून हातात येतं. पोह्यांसाठी तेच. भात रात्री भिजत घालायचं, सकाळी निथळायचं आणि मग मातीच्या खापरात चुलीवर भाजायचं. पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी व्हायन, म्हणजे उखळ, त्यात हे गरम भात ओतायचं आणि दोघींनी समोरासमोर उभं राहून मुसळ घालायचं. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. गार होऊ द्यायचं नाही, नाहीतर दाणा चेपत नाही, तुटतो. मग सुपात घेऊन पाखडायचं. कोंडा उडतो, पोहे राहतात.

सासूबाई खापरापाशी बसत त्या भिंतीकडे बघत. भाताकडे बघतच नसत. भाजताना दाणे तडतडायला लागतात, आधी सुटे सुटे, मग दाट. त्या दाट होण्याच्या जरा अलीकडे काढायचं. पलीकडे गेलं की लाह्या होतात, फार अलीकडे काढलं तर साल सुटत नाही. हे त्या कानाने ठरवीत. मला मुसळ दिलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत दोन मुसळं एकमेकांवर आपटली आणि मनगटात झिणझिण्या आल्या. त्यांनी काही न बोलता मुसळ काढून घेतलं आणि धाकट्या जावेला हाक मारली. अपमान वगैरे नव्हता त्यात. भात गार होत होतं, एवढंच.

दिव्यांबद्दल मी अजून काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर, त्या घरात दिवे कधी डोळ्यांत भरण्याइतके लागलेच नाहीत. चिव्याच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा एक आकाशकंदील, दिरांनी खळीने चिकटवलेला, उंच बांबूला टांगलेला. आणि पणत्या मोजक्या, पण कुठे कुठे! तुळशीपाशी, उंबऱ्यावर, ते ठीक. एक विहिरीच्या काठावर, एक गोठ्याच्या दारात, एक व्हायनापाशी, एक शेणाच्या खड्ड्याशी. सासूबाई सांगत, त्यांच्या लहानपणी पणतीत उंडीचं तेल असायचं. किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाच्या बियांचं, कडू, खायला न चालणारं, जळताना धूर करणारं. खोबरेल डोक्याला आणि जेवणाला, ते जाळायचं कशाला? मी हौसेने, आम्ही राहतो त्या ठाण्याहून विजेच्या दिव्यांच्या दोन माळा नेल्या होत्या. गोठ्याच्या वाशाला एक बांधायला गेले तर सासरे म्हणाले, "थंय नको. गुरां बुजतत." ती माळ मग ओटीवर लागली. दुसऱ्या दिवशी पाडवा, गुरांचा. शिंगांना गेरू, गळ्यात झेंडू, पोटभर गोडधोड. माणसांच्या आधी त्यांची पानं. नांगराला ज्यांनी खांदा दिला त्यांचा हिशोब पहिला.

आता 2019 ची दिवाळी सांगते. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते, 27 ऑक्टोबर, रविवार. आम्ही दोन दिवस आधी पोचलो ते पावसातच. अरबी समुद्रात 'क्यार' उठलं होतं. 2007 च्या 'गोनू'नंतर या समुद्रातलं पहिलं महाचक्रीवादळ. ते आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही, लांबूनच पश्चिमेकडे वळलं, त्यामुळे बातम्यांत 'धोका टळला' असंच म्हणत राहिले. इथे तीन दिवस आभाळ फाटल्यासारखं ओतत होतं. कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्या चोंढ्यात, म्हणजे सखल शेतात, तरंगत होत्या. उभं होतं ते आडवं झालं होतं.

सासरे पहाटे अभ्यंगस्नान न करताच शेतावर गेले. मी मागून छत्री घेऊन गेले. गुडघाभर पाण्यात ते वाकून एक लोंबी हातात धरून उभे. दाण्यांमधून पांढुरके, बारीक कोंब बाहेर आलेले. कापलेल्या भाताला शेतातच कोंब. मी म्हटलं, "बाबा, वाळवून काही होईल का?" ते म्हणाले, "ह्यां भात न्हय गो आता. ह्यां रोप." आणि ती लोंबी त्यांनी खाली टाकली नाही, परत पाण्यात ठेवली. नीट, आडवी.

त्या दिवशी कारीट फोडलं, रस प्यायलो, "गोविंदा" म्हटलं. पोह्यांचं काय करायचं, हे कुणी विचारत नव्हतं. नवऱ्याने कुडाळहून विकतचे आणतो म्हटलं, तर सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोटरसायकलची किल्ली परत खुंटीला लावली. मग त्या उठल्या, कणगीत हात घातला आणि तळाशी उरलेलं मागल्या सालचं भात काढलं. त्याचे पोहे झाले. नव्या भाताचा वास त्यांना नव्हता. दोनच प्रकार केले, दुधातले आणि गुळाचे. वाडीतून हाकाटी झाली नाही. ज्याने त्याने आपापल्या घरी खाल्ले. त्या काकींकडे मी आपणहून गेले, तर त्याही जुन्याच भाताचे खात बसलेल्या. आठवड्याभरात 'महा' नावाचं दुसरं वादळ आलं, तोवर न्यायला फारसं उरलंच नव्हतं.

पंचनामे झाले. नोव्हेंबरात राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरिपासाठी हेक्टरी 8,000 रुपये. ऐकायला आकडा बरा वाटतो. पण कोकणात हेक्टर आहे कुणाकडे? इथे हिशोब गुंठ्यांत. हेक्टरचे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ऐंशी रुपये. आमचं त्या मळ्यातलं भात बारा गुंठ्यांवर. फोनवर मी सासूबाईंना हा भागाकार करून सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "ऐंशी रुपयात गावठी पोहे किलोभर तरी गावतत काय गो?"

सासरे त्यानंतर दोन पावसाळे शेतावर गेले. आता ते नाहीत. वरचा मळा पड आहे. खालचा एक दीर लावतो, त्यातही वानर आणि डुकरं आपला वाटा आधी उचलतात. लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी आणि पिकाचं गणित जमत नाही. दीर म्हणतो, विकत घेतलेलं भात घरच्यापेक्षा स्वस्त पडतं. बरोबरच म्हणतो. मी ठाण्यात बसून त्याला 'जमीन पड टाकू नको' सांगणं यात अर्थ नाही, आणि गणपतीला येणारे चाकरमानी जेव्हा ओटीवर पाय पसरून हेच सांगतात, तेव्हा मला त्यांच्या चहात सातविणीचा रस घालावासा वाटतो.

गेल्या दिवाळीत आम्ही गेलो. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे, मोतीबिंदू काढूनही एका डोळ्याला फारसं दिसत नाही. व्हायनावर फळी टाकून वर पाण्याचा पिंप ठेवलेला. मी पिंप हलवला. आतून पालापाचोळा, एक तुटका कंगवा आणि कुठल्यातरी दिवाळीतली फटाक्याची नळी निघाली. धुऊन, पुसून घेतलं. दिराकडून दोन पायली हळवं भात मागून घेतलं. मुलीला समोर उभी केली. तिला जिमची सवय, मला कसलीच नाही. सासूबाई ओटीवर खाटेवर.

खापर तापलं. दाणे तडतडायला लागले. मी भाताकडे बघत होते, त्या भिंतीकडे. "काढ," त्या म्हणाल्या. मला वाटलं अजून वेळ आहे. "काढ म्हटलंय ना." काढलं.

पहिली दहा मिनिटं मुसळांची टक्कर ठरलेली. मुलगी हसत होती, मी मनगट चोळत होते, भात गार होत चाललं होतं. मग कधीतरी तिचं वर आणि माझं खाली असं जमलं. पडवीतून धप्प, धप्प असा एकसारखा आवाज यायला लागला. ओटीवरची कुरकुर थांबली.

"आता हात बसलो," सासूबाई म्हणाल्या.

सुपात पाखडायला मला अजूनही येत नाही. निम्मा कोंडा माझ्याच केसांत गेला. पहाटे कारीट फोडून झाल्यावर पानावर दूधपोहे वाढले आणि पहिली वाटी त्यांना दिली. त्यांनी चिमूट तोंडात घातली. दात थोडेच उरलेत, त्यामुळे बराच वेळ चघळत राहिल्या.

"जाडे झाले गो."

आणि वाटी पुढे केली, आणखी घालायला.